डोळा, भुंगा आणि भाषण

बहुविद्याशाखीय म्हणवणाऱ्या शोधपत्रिकेचा कुठलाही विशेषांक उघडा. अनुक्रमणिकेत एकाखाली एक तीन लेख सापडतील. ग्रामीण भागातलं नेत्र-आरोग्य. अमुक तालुक्यातल्या भुंगेऱ्यांची विविधता. निवडणुकीच्या भाषणांतली भाषा. तीन प्राध्यापक, तीन विषय, एकच बाइंडिंग. एकाने दुसऱ्याचा लेख वाचलेला नसतो. त्याने तो वाचावा अशी कुणाची अपेक्षाही नसते.

आता बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात, डोणगावच्या शिवारात या. ऑगस्ट महिना. सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलंय. एका झाडाचा शेंडा सुकून खाली लोंबतोय. त्याच्या देठावर दोन बारीक गोल खाचा दिसतात आणि त्या दोन खाचांच्या मधे चक्रीभुंग्याच्या मादीने अंडं घातलेलं असतं. हा झाला भुंगा. त्याला मारायला पाठीवर चार्जिंगचा पंप अडकवून तासात उतरलेला माणूस औषधाची बाटली हातभर लांब धरतो. डोळे बारीक करतो. लेबलवरचं अक्षर लागत नाही. मग कृषी केंद्रवाल्याने तोंडी सांगितलेली टोपणं मोजून पंपात ओततो. हा झाला डोळा. आणि धुऱ्यावर निंबाखाली बसलेल्यांच्या मोबाईलवर सोयाबीनच्या भावाचं भाषण सुरू असतं.

तिन्ही विषय एका एकरात उभे आहेत. विद्यापीठाच्या कागदावर मात्र त्यांची तोंडं तीन दिशांना. वावरात जो प्रश्न एकत्र आहे त्याचा अभ्यासही एकत्र झाला पाहिजे आणि त्याचं उत्तर वावराच्या मालकाच्या हातात त्याच्या भाषेत पडलं पाहिजे. आजचा सगळा लेख याच एका मागणीसाठी आहे.

भुंग्यापासून सुरुवात करू.

जगात आजवर नाव मिळालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती चार लाखांच्या आसपास आहेत. माणसाला माहीत असलेल्या प्राण्यांच्या सगळ्या जातींपैकी साधारण पाव हिस्सा. त्यामुळे ‘या परिसरात चाळीस जाती आढळल्या’ असं लिहिणाऱ्याने अजून काहीच सांगितलेलं नसतं. कोणत्या महिन्यात आढळल्या? कोणत्या पिकात? फवारणीच्या आधी की नंतर? रात्री दिवा लावून पांढऱ्या कापडावर जमवल्या की जमिनीत पुरलेल्या पेल्यात पडल्या? नमुना टाचणीला लावून, गाव-तारखेची चिठ्ठी जोडून ठेवलाय, की मोबाईलवर फोटो काढून इंटरनेटवरच्या चित्राशी जुळवलाय? ही माहिती नसेल तर दहा वर्षांनी त्याच शिवारात उतरणाऱ्या अभ्यासकाला त्या यादीचा काडीचा उपयोग नाही. काय कमी झालं, काय वाढलं, हे तो कशाच्या आधारावर सांगणार?

यादी करणं हे हलकं काम आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या हेमंत घाटे यांनी भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणात वर्षानुवर्षं काम केलं, नव्या जातींची वर्णनं प्रसिद्ध केली. ते काम महाविद्यालयात बसूनच झालं. म्हणजे महाविद्यालयातून होत नाही ही सबब चालणार नाही.

आणि दरवेळी मोठी प्रयोगशाळा लागते असंही नाही. शेणातले भुंगेरे घ्या. ते शेण जमिनीत ओढून नेतात, माती भुसभुशीत करतात, माशांना अंडी घालायला जागा ठेवत नाहीत. ढोरांना जंतांसाठी आयव्हरमेक्टिन दिलं की ते शेणावाटे बाहेर पडतं आणि त्या शेणात वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांना मारतं, हे अनेक देशांत तपासून झालंय. डोणगावात हे तपासायला काय लागेल? शेणाचा ताजा पो, बादलीभर पाणी आणि वही. पो पाण्यात कालवला की भुंगेरे तरंगून वर येतात. औषध दिलेल्या गाईचं शेण वेगळं, न दिलेल्या गाईचं वेगळं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पोरं एका हंगामात ही मोजणी करून दाखवतील आणि तिचा अर्थ गावातल्या प्रत्येक गुराख्याला कळेल.

भुंग्याच्या अभ्यासाने धोरण हलल्याचं उदाहरणही आपल्याच देशात आहे. गाजरगवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, त्याची भारतातली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातून झाली. धुरा, पडीक, रस्त्याची कड, काहीच त्याने सोडलं नाही. अंगाला खाज, डोळ्यांची आग, धाप हे त्याच्यामागून आलं. ते गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये बंगळुरूत आणला गेला, तपासला गेला आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडला गेला. काही वर्षांनी तो सूर्यफुलाच्या पानांवर बसलेला दिसला. ओरड झाली, भुंगे सोडणं थांबलं, समिती बसली, चाचण्या झाल्या. सूर्यफुलाला त्याच्यापासून खरा धोका नाही असं निघालं, तेव्हा काम पुन्हा सुरू झालं. एका भुंग्यावर शंका आली तर देशाने ती तपासून घेतली. माणसाच्या डोळ्याबद्दल शंका आली तर?

चक्रीभुंग्यासाठी कृषी विद्यापीठांची शिफारस साधी आहे. मीटरभर ओळीत खाचा पडलेली तीन ते पाच झाडं दिसली तरच फवारणीचा विचार करा. त्याआधी खाच पडलेला भाग अंड्यासकट तोडून नष्ट करा. भुंगा असतो जेमतेम सात ते दहा मिलिमीटरचा, खाच तर त्याहून बारीक. ती वेळेवर दिसायला जवळची नजर ठीक लागते. आणि आपल्या वावरात राबणारा माणूस आता पंचेचाळीस-पन्नाशीचा आहे. पोरं पुण्याला, संभाजीनगरला कंपनीत लागली. चाळिशी लागलेल्या माणसाला खाच दिसत नाही. शेंडे सुकून लोंबायला लागले की मग कळतं. तोवर अळी खोडात उतरलेली असते. घाबरलेला माणूस मग दोन-तीन औषधं आणि वर एखादं टॉनिक एकत्र करून फवारतो.

हा माझा अंदाज आहे आणि तो तपासता येतो. डोणगाव आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांतले चाळिशीपुढचे शेतकरी घ्या. निम्म्यांना हंगामाआधी जवळचा चष्मा द्या, निम्म्यांना हंगाम संपल्यावर द्या. कुणी किती वेळा फवारलं, किती प्रमाणात मिसळलं, किती खर्च केला, किती पिकलं, ते लिहून ठेवा. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने खाचा मोजाव्यात, नेत्रतज्ज्ञाने नजर तपासावी, अर्थशास्त्रवाल्याने हिशेब मांडावा. खरं बहुविद्याशाखीय संशोधन मला तरी असं दिसतं.

यात स्वप्नरंजन काही नाही. आसामच्या चहामळ्यांत असाच अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. चाळीस वर्षांवरच्या साडेसातशे कामगारांपैकी निम्म्यांना जवळचा साधा चष्मा दिला. चष्मा नसलेल्यांच्या तुलनेत त्यांची पानं खुडण्याची क्षमता जवळपास २२ टक्क्यांनी वाढली. यंत्र नवं नाही, बियाणं नवं नाही, फक्त नाकावर चष्मा. चहाच्या पानाला जे लागू, ते सोयाबीनच्या देठाला लागू आहे का, हे विचारायला डोणगावाहून चांगली जागा कोणती?

आता विषाकडे येऊ.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता. दाखल झालेल्यांच्या तक्रारींत मळमळ होती, धाप होती आणि अंधारी होती. काहींना काही काळ दिसेनासं झालं. विशेष तपास पथक नेमलं गेलं, पश्चिम विदर्भात काही कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबवली गेली. त्यातल्या एका औषधाचं प्रकरण पुढे थेट स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या न्यायालयापर्यंत गेलं.

या सगळ्यात डोळा हा सगळ्यात आधीचा साक्षीदार आहे. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधं शरीरातल्या एका विकराला, कोलिनएस्टरेजला, निकामी करतात. मज्जातंतूचा संदेश एकदा सुरू झाला की थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांना पाणी आणि बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी. अनुभवी डॉक्टर बॅटरीचा उजेड डोळ्यावर मारून बाहुली बघतो आणि ॲट्रोपिनची सुई काढायला सांगतो. म्हणजे रोग्याने तोंड उघडण्याआधी त्याचा डोळा बोललेला असतो. हे ज्ञान ग्रामीण रुग्णालयाच्या बाहेर का येत नाही? फवारणीहून घरी आलेल्या माणसाच्या बाहुलीकडे बघायला बायकोला, पोराला, आशाताईला शिकवता येतं. ‘नेहमीपेक्षा बारीक दिसते आणि धूसर दिसतंय म्हणतो’ एवढं कळलं तरी गाडी वेळेवर निघेल.

त्याच्याही आधीची गोष्ट, बाटलीवरचा तिकोन. लाल, पिवळा, निळा, हिरवा, विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने. कायद्याने तो छापावा लागतो, सोबत माहितीपत्रकही द्यावं लागतं. पत्रकावरचं अक्षर मुंगीएवढं. पन्नाशीच्या माणसाला बिनचष्म्याचं ते वाचता येणं शक्य नाही. म्हणजे कायदा पाळला गेला, कंपनी सुटली, दुकानदार सुटला आणि ज्याच्यासाठी छापलं त्याला ते दिसलंच नाही. माहितीपत्रकाचं अक्षर किती मोठं असावं, यावर एक चांगला शोधनिबंध लिहा. त्याचं मोल वीस परिषदांच्या सर्टिफिकिटांपेक्षा जास्त असेल.

नेत्र-आरोग्यावरचे बहुतेक लेख मोतीबिंदूपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. मोतीबिंदू मोठा आहे, वाद नाही. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीवरच्या आंधळेपणापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे निघाला. शिबिरं होतात, गाडी येते, म्हातारी माणसं हिरवी पट्टी बांधून परत येतात. हे काम थांबता कामा नये.

पण सोंगणीनंतर काय होतं ते बघा. ऑक्टोबरात सोयाबीनच्या सुड्या लागतात, मळणीचा हडंबा सुरू होतो. कुटाराचा धुरळा असा उडतो की शेजारचा माणूस दिसत नाही. कण डोळ्यात जातो. माणूस डोळा चोळतो, पदराने पुसतो, पाणी मारतो आणि पुन्हा पेंढी टाकायला लागतो. संध्याकाळी डोळा लाल. मेडिकलवाला लाली उतरवणारे थेंब देतो. त्या थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. लाली उतरते, बरं वाटतं. पण जखमेत बुरशी शिरली असेल तर स्टेरॉईडने तिला मोकळं रानच मिळतं. पंधरा दिवसांनी डोळ्यात फूल पडलेलं असतं. चाळिशीतल्या बाईचा एक डोळा आयुष्यभरासाठी जातो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, नजर परत येते. या फुलाला बुबुळावरचा पारदर्शक पडदा बदलावा लागतो आणि तो दान मिळेल तेव्हा.

यावर काय करता येतं हे नेपाळमधल्या भक्तपूरने दाखवून ठेवलंय. सुमारे ३५ हजार लोकवस्तीत गावातल्या आरोग्य सेवकांना शिकवलं की डोळ्याला खरचटल्याची तक्रार घेऊन कुणी आलं तर तपासा आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस लावा. दोन वर्षांत बुबुळाला खरचटलेले ४४२ जण सापडले. ४२४ पूर्ण बरे झाले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत आलेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. उशिरा आलेल्यांपैकी काहींना झाला. हे २००१ मध्ये छापून आलंय. भक्तपूरचे शेतकरी आणि डोणगावचे शेतकरी यांच्या डोळ्यांत फरक नाही. आपल्या आशाताईंच्या पिशवीत हे मलम आणि डोक्यात हे शिक्षण सोंगणीच्या आधी का येऊ नये, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि भुंगा थेट डोळ्यावर येतो अशीही एक गोष्ट आहे. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा लांबट किडा फिरतो. तो भुंगेराच आहे, पेडेरस त्याचं नाव. वरचे पंख आखूड असल्यामुळे ओळखू येत नाही. चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर बसला आणि आपण चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरीन कातडीला लागतं. एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखा फोड येतो. तोच हात डोळ्याला लागला तर पापणी सुजून डोळा बंद होतो. पूर्व आफ्रिकेत या दुखण्याला ‘नैरोबीचा डोळा’ म्हणतात. फुंकर मारून उडवायचा, जागा साबणाने धुवायची, हात डोळ्याकडे न्यायचा नाही, एवढंच करायचं. आणि हाच किडा वावरात पिकावरच्या किडी खातो, आपल्या बाजूचा आहे. विविधतेच्या यादीत त्याचं लॅटिन नाव येतं. ही चार वाक्यं कुणी लिहीत नाही, कारण त्यांना गुण नाहीत.

गुणांचीच गोष्ट निघाली तर ती पूर्ण करू.

२०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकाच्या बढतीला गुणांचं गणित जोडलं. लेख छापला, गुण मिळाले. परिषदेत वाचला, गुण मिळाले. मागणी तयार झाली तसे पुरवठादार उभे राहिले. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर त्या यादीतच खोट शिरली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या, त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाच्या कसोटीवर टिकली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही गुंडाळली गेली आणि दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली गेली.

या चढउतारात गावच्या महाविद्यालयातला प्राध्यापक भरडला गेला, हे मी मान्य करतो. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक धड नाही, ग्रंथालयात नवं नियतकालिक येत नाही, विभागात एकटा. निम्मी शिकवणी तासिका तत्त्वावरची पोरं ओढतात आणि त्यांचं मानधन वेळेवर होत नाही. त्याला ‘जागतिक दर्जाचं संशोधन कर’ म्हणणं हा अन्याय आहे. पण ‘तुझ्या गावाचा प्रश्न घे’ म्हणणं अन्याय नाही. जगात कुणापाशी नाही ती सामग्री त्याच्यापाशी आहे: हे शिवार, ही माणसं, ही बोली आणि दरवर्षी परत येणारा हंगाम.

आम्हा छापणाऱ्यांचाही यात वाटा आहे. पीएच.डी. मिळाल्याचा फोटो आम्ही छापतो. शाल, श्रीफळ, संस्थाध्यक्ष, नातेवाईक. त्या माणसाने चार-पाच वर्षं घालून काय शोधलं, हे विचारत नाही. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुले आहेत. वार्ताहराने एक दुपार काढली तर जिल्ह्यावर काय काय लिहिलं गेलंय ते दिसेल. चांगलं असेल तर पहिल्या पानावर घ्या, उचललेलं असेल तर तेही छापा.

विदर्भ-मराठवाड्याला गावातून संशोधन करून दाखवणारी माणसं नवीन नाहीत. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे आपल्या शेजारचे. कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाने लोक मरताना त्यांनी पाहिले, एकेका रोग्याची टिपणं ठेवली. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, पुढे प्राझोसिनच्या उपचाराने मृत्यू रोखता आले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी बायकांच्या न बोललेल्या दुखण्यांवरचा अभ्यास १९८९ मध्ये तिथूनच जगापुढे ठेवला. आणि ताजं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं. २०२४ च्या शेवटी शेगाव परिसरातल्या गावांत लोकांचे केस पुंजक्यांनी गळायला लागले, टक्कल पडलं. दिल्लीहून पथकं आली. बावस्कर वयाच्या सत्तरीनंतर तिथे गेले, रक्ताचे, केसांचे, गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्यांच्या निष्कर्षावर वाद घालता येतो, घालावाही. पण प्रश्न बुलढाण्यात उभा राहिला आणि नमुना गोळा करायला कोकणातल्या महाडहून या डॉक्टरला यावं लागलं, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक विज्ञान विभागाने मनाला लावून घ्यावं.

राहिलं भाषण.

सोयाबीनचा भाव हा इथल्या राजकारणाचा कणा आहे आणि तो हक्काचा विषय आहे. २०२४ च्या हंगामाला केंद्राचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात त्याच्याही खाली बोली लागत होती. विधानसभेच्या प्रचारात एका बाजूने ६ हजारांचा शब्द दिला, दुसऱ्या बाजूने ७ हजारांचा. त्याच वर्षी लोकसभेला सोयाबीन-कापसाच्या आंदोलनातून पुढे आलेले रविकांत तुपकर अपक्ष उभे राहिले आणि अडीच लाखांच्या घरात मतं घेऊन गेले. शेतकऱ्याच्या घामाला दाम मागणाऱ्या प्रत्येक भाषणाला मी टाळी देतो. पण त्या घामाबरोबर अंगात काय भिनतं, फवारणाऱ्याच्या डोळ्याचं काय, मजुराला चष्मा आणि मास्क कुणी द्यायचा, यावरचं वाक्य माझ्या कानावर एकाही सभेतून आलं नाही.

मला जे ऐकू आलं नाही ते खरोखरच बोललं गेलं नाही का, हे राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने शोधायचं आहे. राजकीय संभाषितावरच्या लेखांत परदेशी विचारवंतांची नावं पहिली तीन पानं खातात आणि ज्यांचा अभ्यास करायचा ती भाषणं शेवटी दोन परिच्छेदांत उरकली जातात. त्यापेक्षा मेहकर मतदारसंघातल्या एका निवडणुकीची भाषणं रेकॉर्ड करा. शब्दशः उतरवा. भाव किती वेळा आला, जात किती वेळा, दवाखाना किती वेळा, फवारणी किती वेळा, ते मोजा. कोणत्या वाक्याला टाळ्या पडल्या तेही टिपा. दक्षिण भारतात परोमिता सन्याल आणि विजयेंद्र राव यांनी सुमारे तीनशे ग्रामसभांतलं बोलणं असंच उतरवून घेतलं आणि गरीब, दलित, बायका तिथे काय मागतात, त्यांना काय उत्तर मिळतं, हे एका पुस्तकात मांडलं. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. सरपंचपदांपैकी निम्मी बायकांसाठी राखीव आहेत. त्या सभेत बाई किती बोलते आणि तिचा नवरा किती, एवढं जरी चार सभांतून मोजलं तरी तो अस्सल शोधनिबंध होईल.

या जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव जून २०२४ पासून केंद्रात आरोग्य खात्याचे राज्यमंत्री आहेत. खासदार होण्याआधी अनेक वर्षं ते मेहकरचे आमदार होते. डोणगावच्या आशाताईच्या पिशवीत डोळ्याचं मलम आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात चाळिशीचे चष्मे, एवढी मागणी त्यांच्या टेबलावर जायला मधे फारसं अंतर नाही. मागणी लेखी हवी आणि तिला आकड्यांचा आधार हवा. तो आधार देणं महाविद्यालयांचं काम आहे.

म्हणून एक सुचवतो. जूनमध्ये पेरणी आटोपली की प्राणिशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठी या तीन विभागांनी एकत्र बसावं. मराठी विभाग मुद्दाम धरलाय, कारण प्रश्नावली लोकांना कळेल अशी तोच लिहू शकतो. तालुक्यातल्या नेत्रतज्ज्ञाला आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलवावं. सोयाबीनचे पन्नास शेतकरी निवडावेत. जुलैत नजर तपासणी, ऑगस्टमध्ये खाचांची मोजणी आणि फवारणीची नोंद, ऑक्टोबरात हडंब्यावरच्या मजुरांच्या डोळ्यांची तपासणी. निष्कर्ष चार पानांत मराठीत लिहून आधी ग्रामसभेत वाचावेत, शोधपत्रिकेला नंतर पाठवावेत. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत विषय घालायचा तर अर्ज आधी ग्रामपंचायतीत द्यावा लागतो. २६ जानेवारीच्या सभेसाठी तो डिसेंबरातच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे पोहोचता करावा आणि त्याची पोच घ्यावी.